बिनपरवान्याचा जोडधंदा : पाप कोणाचें?

(जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनीं गांवच्या चावडीवर एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आजच्या दिवशीं आम्हांस बोलावयास उभें केलें, तेव्हां आपली अपेक्षा अशी असेल कीं, १८७३ सालीं सत्यशोधक समाज कसा निघाला तें आम्ही सांगावें, दोन टाळ्या घ्याव्या आणि खालीं बसावें. तें काम दरसाल होतें व पुढेंही होईल. आज आम्ही दुसरेंच बोलणार आहों. गेले दोन महिने गांवांत जी कुजबुज चालली आहे, ती चावडीवर उघड झालेली बरी. घरीं शेव-चिवडा करून आठवड्याच्या बाजारीं विकणाऱ्या आपल्या मावशींविरुद्ध बिनसहीचा अर्ज गेला. ही बाई परवान्यावांचून धंदा करते व सरकारचा कर बुडविते, असा त्यांतला मजकूर. अर्ज कोणीं केला हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि आम्हांस तें शोधावयाचेंही नाहीं. परंतु तेव्हांपासून गांवांत दोन तट पडले. एक म्हणतो, कायदा तो कायदा. दुसरा म्हणतो, गरिबानें पोटासाठीं केलेलें सगळें माफ. आमच्या मतें दोन्ही तट आळशी आहेत. विचार करण्याचे श्रम दोघांसही नको आहेत.

परवाना म्हणजेच न्याय असें ज्यांस वाटतें त्यांनीं १८७८ साल आठवावें. १८७६ पासूनच्या दुष्काळानें दख्खन उजाड झाली होती. पुढच्या दुष्काळाची तरतूद म्हणून इंग्रज सरकारनें मुंबई इलाख्यांत धंद्यांवर लायसन टॅक्स बसविला. सुतार, लोहार, शिंपी, तेली, किरकोळ दुकानदार, सारे त्या जाळ्यांत आले. वर्षाकाठीं १०० रुपये मिळविणारा कारागीरही सुटला नाहीं. सुटले कोण? तर मोठ्या पगाराचे सरकारी कामदार आणि वकिलीसारखे पांढरपेशे धंदे करणारे! सुरतेस त्याच वर्षीं या करापायीं दंगा झाला. कामदार-वकिलांस कराच्या वहींत आणावयास १८८६ चा इन्कमटॅक्स उजाडावा लागला. म्हणजे परवान्याची मोजपट्टी कोणाच्या हातांत आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच काळांत, हें ध्यानांत ठेवावें.

पण एवढ्यावरून परवाना मोडणें हाच धर्म असें कोणी म्हणूं लागला, तर तेंही आम्हांस कबूल नाहीं. कारण प्रत्येक परवाना सारखा नसतो. कांहीं परवाने तिजोरीसाठीं असतात, कांहीं शेजाऱ्याच्या जिवासाठीं असतात.

मावशींचाच मामला घ्या. अर्जदार म्हणतो, कर बुडविला. कोणता कर? वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला. १ एप्रिल २०१९ पासून ज्याची वर्षाची विक्री ४० लाख रुपयांच्या आंत, अशा माल विकणाऱ्या लहान धंदेवाल्यावर आपल्या राज्यांत नोंदणीची सक्ति राहिली नाहीं. मावशींनीं ४० लाखांची शेव विकावयाची म्हटलें, तर सगळ्या तालुक्याची हरभऱ्याची डाळ त्यांस दळावी लागेल! उलट गोड्या तेलाच्या प्रत्येक पिशवीवर शेंकडा ५ कर त्या वाण्याच्या दुकानांतच भरून येतात, आणि नोंदणी नसल्यामुळें त्यांतला एक पैसाही त्यांस वळता मिळत नाहीं. तेव्हां कर बुडविणारी बाई हें बिरूद खोटें आहे.

मात्र दुसरी बाजू आहे. २००६ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्याखालच्या २०११ च्या नियमांनीं वर्षास १२ लाखांपर्यंत विक्री असलेल्या लहान खाद्यधंद्यास मोठा परवाना न लावतां साधी नोंदणी ठेविली, आणि तिची फी वर्षास अवघी १०० रुपये ठरविली. ही नोंदणी खाणाराच्या पोटासाठीं आहे. तेंच तेल काळें होईपर्यंत कोणी तापविलें, हळदींत रंग घातला, तर शाळेच्या फाटकाशीं दहा रुपयांचा पुडा घेणारें पोर आजारी पडतें. तें पोर कोणाचें? आपलेंच. मावशींचा हात स्वच्छ आहे, तो आम्ही रोज पाहतों. पण उद्यां दुसरा कोणी कढई मांडून बसला, तर त्यास विचारावयाचें कोणत्या तोंडानें? म्हणून मावशींनीं नोंदणी करावीच. फक्त अर्जदारास आमचा एक प्रश्न आहे. तक्रार लिहिण्यास ज्याची लेखणी चालली, तीच लेखणी मावशींचा फॉर्म भरण्यास कां चालली नाहीं? शंभर रुपयांचें काम ज्यास सांगतां येत होतें, त्यानें तें सांगितलें नाहीं. त्यानें एका विधवेच्या दारीं इन्स्पेक्टर पाठविण्याची खटपट केली. याला कायद्याची चाड म्हणत नाहींत.

तीच गोष्ट घरांत वीज खेळविणाऱ्या पोरांची. कारखान्यांतून सुटल्यावर चार पैसे मिळवावे म्हणून हीं पोरें लोकांच्या घरीं तारा ओढतात. कष्टाळू आहेत, आम्हीच त्यांस बाराखडी शिकविली. पण वायरमनचा दाखला नसतां भिंतींत तार पुरणें म्हणजे दुसऱ्याच्या मुलांच्या जिवाशीं खेळ आहे. येथें आम्ही गरिबीची सबब ऐकणार नाहीं. शिवणयंत्रावर रात्रीं ब्लाउज शिवणाऱ्या बाईनें पाटी लावली नाहीं, तर फार तर बाही तंग होईल, कोणी मरत नाहीं.

आतां गवंडी आणि बिगारी. हे लोक रोखीनें मजुरी घेतात, कोठेंही सही करीत नाहींत, आणि गांव त्यांस हिणवितो कीं यांचें सगळें चोरीचें. बाबांनो, कागदावर नसल्यानें सरकारचें जितकें बुडतें, त्याच्या कितीतरी पट या गवंड्याचें स्वतःचें बुडतें. १९९६ सालीं बांधकाम कामगारांसाठीं दोन कायदे झाले. बांधकामाच्या खर्चावर शेंकडा १ उपकर घ्यावयाचा, तो कामगारांच्या कल्याणमंडळाकडे जावयाचा, आणि १८ ते ६० वयाच्या ज्या मजुरानें मागल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलें त्यानें नोंदणी करावयाची. नोंदणी झाली कीं मुलांस शिष्यवृत्ति, बाळंतपणास मदत, दुखण्याखुपण्यास आधार. पैसा जमला, मजूर मात्र वहींत आले नाहींत. देशभर ही रक्कम इतकी पडून राहिली कीं १९ मार्च २०१८ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयास सरकारांची खरडपट्टी काढावी लागली. जोतीरावांचें १८८२ सालचें हंटर कमिशनापुढील गाऱ्हाणें हेंच होतें, कीं पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्याची विद्या खाणार वरचे वर्ग. आजही पैसा गवंड्याच्या नांवानें जमतो आणि गवंड्याचें पोर दहावीनंतर शाळा सोडून पाट्या उचलतें. आमच्या वर्गांतून अशीं मुलें गेलेलीं आहेत. त्यांचे चेहरे आम्हांस आठवतात.

आणि ९० दिवसांचा दाखला मागितला कीं तोंड कोण फिरवितो? ठेकेदार. तो कोण आहे? शेटजी नाहीं, भटजी नाहीं, आपल्याच भावकींतला आहे. मजुराचें नांव कागदावर आलें तर आपला हिशेबही कागदावर येईल, ही त्याची भीति. जुन्या सभांतून शेटजी-भटजींवर आसूड ओढणें सोपें होतें. आतां खुर्चीवर आपला भाऊ बसला आहे, म्हणून आसूड खुंटीस टांगून ठेवावयाचा काय?

भावकीचें निघालें म्हणून आणखी एक बोलून टाकतों. शेतीच्या उत्पन्नास इन्कमटॅक्स नाहीं, ही सूट १८८६ पासून चालत आली, आणि कोरडवाहू शेतकऱ्यास ती न्यायाचीच आहे. पण शहरांत कमावलेला पैसा सातबाऱ्यावरच्या दोन एकरांत पिकला असें दाखविणारे बागाइतदार कोणांस ठाऊक नाहींत? त्यांच्याविरुद्ध बिनसहीचा अर्जही कोणी करीत नाहीं. मावशींची कढई मात्र सर्वांच्या डोळ्यांत खुपते.

आतां आमच्या स्वतःच्या धंद्याकडे येतों. दुसऱ्यांच्या ताटांतलें सांगून मास्तरांनीं आपलें ताट झांकून ठेविलें, असें कोणी म्हणूं नये. दर जूनला पालक आमच्याकडे येतात. “गुरुजी, संध्याकाळीं तासभर शिकवणी घ्या, महिना पांचशें देतों.” दहा मुलें झालीं तर पांच हजार, रोख, वहींत न लिहितां. ही शिकवणी पुष्कळ ठिकाणीं चालते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमानें शिक्षकास खाजगी शिकवणी मना केली, आणि १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू झाला. पण समजा, तें कलम नसतें, तरीही आमचें उत्तर नाहींच असतें.

कारण सांगतों. मावशी शेव विकतात, ती त्यांची स्वतःची आहे. गवंडी हात विकतो, ते त्याचे आहेत. पण मास्तर संध्याकाळीं जें विकतो तें त्याचें नसतें. सकाळीं अकरा वाजतां जें त्या मुलास फुकट द्यावयाचें, ज्याचा पगार मावशींच्या तेलाच्या करांतूनही आलेला असतो, तेंच तो राखून ठेवितो आणि सायंकाळीं पांचशें रुपयांस विकतो. ज्याचा बाप पांचशें देऊं शकत नाहीं, त्या पोरास भागाकार येत नाहीं तो नाहींच येत. १८६९ सालीं जोतीरावांनीं विद्याखात्यांतील ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा रचला. रयतेच्या पैशावर पगार घेऊन रयतेच्याच मुलांकडे काणाडोळा करतात, हा त्यांवरचा मुख्य आरोप. आज फळ्यापुढें उभा असलेला पंतोजी माळी आहे, मराठा आहे, धनगर आहे, महारामांगाचा शिकलेला मुलगा आहे. पोवाडा त्याला लागू नाहीं, असें कोणीं ठरविलें?

कोणी म्हणतील, मास्तरांस पगार भरपूर, त्यांस बोलावयास काय जातें? तर तेंही सांगतों. २००० सालीं शिक्षणसेवकाची पद्धत आली तेव्हां प्राथमिक शाळेवरच्या शिक्षणसेवकास महिना ३००० रुपये मिळत, आणि तीन वर्षें तसेंच काढावयाचें. आम्हीं तीं काढलीं आहेत. पुढें तें मानधन ६००० झालें आणि २०२३ पर्यंत तितक्यावरच राहिलें. त्या वर्षीं तें १६००० झालें. सहा हजारांत बायकोमुलांचें पोट भरणारा तरुण सुटीच्या दिवशीं मळा कसत असे, दूध घालीत असे, कोणाच्या लग्नांत फोटो काढीत असे. वर्तणुकीचे नियम परवानगीवांचून धंदा करूं देत नाहींत, हें खरें. परंतु त्यास दोषी ठरविण्यापूर्वीं, सहा हजारांवर माणूस राबविणाऱ्या सरकारासही त्याच पिंजऱ्यांत उभें करा. फोटो काढणाऱ्या त्या मास्तरास आम्ही परवानगीचा अर्ज लिहून देऊं. स्वतःच्याच वर्गांतल्या मुलांची शिकवणी घेणाऱ्यास मात्र आमच्या पंगतींत पाट नाहीं, मग त्याचा पगार कितीही असो.

आमचे कांहीं शिक्षकबंधू या बोलण्यावर रागावतील. रागावोत. त्यांनीं संध्याकाळीं शिकवावेंच, पण शाळेंत, फुकट, आणि ज्यास येत नाहीं त्यास आधीं. आम्ही मंगळवारीं व शुक्रवारीं पांच ते सहा शाळेंत बसतों. भागाकार न येणारें कोणाचेंही पोर पाठवावें, विचारावयासही नको.

आतां कामाचें. येत्या रविवारीं सकाळीं नऊपासून शाळेच्या ओट्यावर आम्ही आणि वाचनालयाचीं दोन मुलें फॉर्म भरावयास बसणार आहों. खाद्यपदार्थ करणाऱ्या बायांनीं आधारकार्ड, एक फोटो आणि मोबाइल आणावा. फीचे शंभर रुपये ज्यांच्याजवळ नसतील त्यांचे वर्गणींतून भरूं. गवंडी-बिगाऱ्यांनीं आधारकार्ड, बँकेचें पासबुक आणि ९० दिवसांचा दाखला आणावा. ठेकेदारानें दाखला नाकारला असेल तर त्याचें नांव आम्हांस सांगावें, सोमवारीं ग्रामसेवकांकडे आपण मिळून जाऊं. तारा ओढणाऱ्या पोरांनींही यावें, वायरमनच्या परीक्षेचें काय तें बघूं. आणि ज्यानें तो अर्ज लिहिला त्याचें अक्षर म्हणे फार वळणदार आहे. त्यानें रविवारीं आपली लेखणी घेऊन यावें, भरावयाचे फॉर्म पुष्कळ आहेत.