मूल कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी कनेरगाव नाका येथे केलेले भाषण)



घटस्फोट हा शब्द उच्चारला की आपल्या बायका आधी दाराकडे पाहतात, कोणी ऐकते आहे की काय म्हणून. हळदीकुंकवाच्या दिवशी हा विषय कशाला, असे आजही एकीने मला विचारलेच. पण वकिलीच्या निमित्ताने माझ्याकडे ज्या बायका येतात त्या नवऱ्याविषयी फारसे विचारीत नाहीत. "बाई, लेकरू मला मिळेल का?" एवढाच त्यांचा प्रश्न असतो. म्हणून आज तेवढ्यापुरतेच बोलते.

प्रथम त्या स्टँपाच्या कागदाचा समाचार घेऊ. चार पंच बसतात, कागदावर फारकत लिहितात, "मुलगा बापाकडे राहील, पोटगी मागणार नाही" असेही त्यात घालतात, आणि पोरीचा अंगठा घेऊन मोकळे होतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोट कोर्ट देते, कागद देत नाही. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायद्याने ती राखली आहे खरी; पण ती पुराव्याने शाबीत करावी लागते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. नुसत्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न लावले, तर ते लग्नच रद्दबातल ठरण्याचा धोका, वर गुन्हा तो वेगळाच. आणि लेकराची पोटगी? ती लेकराच्या हक्काची. आईने अंगठा दिला म्हणून ती बुडत नाही. मुलाचा ताबाही अशा कागदाने कायमचा जात नाही. खुद्द कोर्टाने दिलेला ताब्याचा हुकूमसुद्धा परिस्थिती पालटल्यास बदलून मागता येतो, मग पंचांच्या कागदाची काय कथा!

दुसरी भीती "बाप हाच पालक" या वाक्याची. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक बाप, व त्याच्या "नंतर" आई, असे लिहिले आहे. सासरची मंडळी हे बरोबर पाठ करून ठेवतात. त्याच कलमात पुढे, पाच वर्षे पुरी न झालेले मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे आहे. ते मात्र कोणी वाचून दाखवीत नाही! शिवाय पालकत्व निराळे आणि ताबा निराळा. कागदावर पालक बाप असला तरी मूल आईजवळ ठेवण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकते.

त्या "नंतर" शब्दाचा वाद आपल्या शेजारच्या विदर्भातल्या एका शेतजमिनीवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. जिजाबाई विरुद्ध पठाणखान असा तो खटला. निकाल १९७० चा. मुलगी अज्ञान असताना तिची जमीन आईने कुळाला लावून दिली होती. बाप हयात होता, पण वर्षानुवर्षे वेगळा राही, मुलीच्या कारभाराकडे ढुंकून पाहत नसे. कोर्टाने म्हटले, असा बाप नसल्यासारखाच. इथे आईच नैसर्गिक पालक. पुढे १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने "नंतर" म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अभावी, असा अर्थ लावला. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आईची सही चालेना, एवढ्यावरून तो खटला झाला. निकाल चांगला झाला. पण कायद्यातला शब्द तसाच राहिला, हे मला अजूनही खटकते.

मुसलमान भगिनींचा विवाहाचा कायदा वेगळा आहे. एका दमात तीनदा तलाक म्हणणे २०१९ च्या कायद्याने निरर्थक आणि गुन्हा ठरले. मुलाच्या ताब्यासाठी मात्र १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांच्या आईबापांना खुला आहे.

कोर्ट पाहते ते मुलाचे हित. त्याची शाळा कुठे, त्याला कोण सांभाळते, आजारपणात उशाशी कोण बसते. मूल जाणते असेल तर त्यालाही विचारतात. बापाचे शेत मोठे एवढ्यावरून मूल त्याला मिळत नाही. खर्च त्याच्याकडून देववता येतो. तसेच ताबा आईला मिळाला तरी बापाला भेटीचा हक्क सहसा राहतो. तो रागापोटी अडवू नये. कोर्टाला ते आवडत नाही, आणि मुलाला तर नाहीच नाही.

आपले गाव हिंगोली आणि वाशिम या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरचे. इथल्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे. "दावा नवऱ्याच्याच गावी लावावा लागतो" हे ऐकून कित्येकी गप्प बसतात. तसे नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः राहते तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करू शकते. ताब्याचा अर्ज मूल नेहमी राहते तिथे. दोघांची संमती असेल तर वर्षभर वेगळे राहिल्यावर अर्ज करता येतो. पुढचे सहा महिने थांबणे योग्य प्रसंगी माफ होऊ शकते, असे २०१७ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जाताना लग्नाची पत्रिका किंवा फोटो, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला न्यावा. पंचांनी लिहिलेला कागद असेल तर त्याची प्रतही न्यावी. लाजून घरी ठेवू नये.

सभेनंतर तासभर मी इथेच आहे. कोणाला कागद दाखवायचे असतील त्यांनी खुशाल घेऊन यावेत.