यकृताचा कॅन्सर, वर्तुळाकार आरएनए आणि काविळीची माळ
(डब्लिन, कॅलिफोर्निया येथील बैठकीत केलेले भाषण)

मी रक्तचाचण्या विकसित करण्याच्या क्षेत्रात काम करतो. त्यामुळे कुठल्याही जेवणाला गेलो की कुणीतरी विचारतेच, "एका रक्तचाचणीत कॅन्सर कळतो म्हणे, खरे का हो?" आज यकृताच्या कॅन्सरपुरते या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

हा कॅन्सर गाजावाजा न करता वाढतो. लहान असताना सापडला तर शस्त्रक्रिया किंवा यकृतरोपण करता येते. दुखू लागेपर्यंत मात्र बहुधा उशीर झालेला असतो. रक्तातली जुनी खूण म्हणजे एएफपी हे प्रथिन. १९६३ साली आबेलेव्ह यांना ते कॅन्सर झालेल्या उंदरांत आणि १९६४ साली तातारिनोव्ह यांना माणसांत सापडले. पण गाठ लहान असताना ते अनेकदा वाढलेलेच नसते आणि कधी कॅन्सर नसतानाही नुसत्या हिपॅटायटिसमुळे वाढते. म्हणून सिऱ्होसिस झालेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही करतात.

आता वर्तुळाकार आरएनएकडे येऊ. जनुकाची नक्कल आरएनएमध्ये होते, मग तिचे काही तुकडे कापून उरलेले जोडले जातात. एरवी त्यातून दोन टोकांचा धागा तयार होतो. कधी कधी मात्र शेपूट डोक्याला जोडले जाते आणि कडे तयार होते. आपल्यासारख्या प्राण्यांच्या पेशींत अशी कडी १९७९ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती, पण पुढची तीस वर्षे बहुतेकांनी त्यांना पेशीची चूकच मानले. २०१२ साली इथून डम्बार्टन पुलापलीकडच्या स्टॅनफर्डमध्ये ज्युलिया साल्झमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की माणसाच्या शेकडो जनुकांतून अशी कडी सर्रास तयार होतात.

यात निदानाच्या कामाचे काय? आरएनएचा फडशा पाडणारी अनेक एन्झाइम्स टोकापासून सुरुवात करतात. टोक सापडले की स्वेटर उसवतो, तसेच. कड्याला टोकच नसते, म्हणून ते रक्तातही जास्त टिकते आणि मोजता येते.

चीनमध्ये यावर पुष्कळ काम झाले आहे. सर्कएमटीओ१ (२०१७) आणि सी-स्मार्का५ (२०१८) ही कडी यकृताच्या गाठीत कमी झालेली आढळली. ज्यांच्यात ती फार कमी होती ते रुग्ण कमी काळ जगले, म्हणजे पुढचा अंदाज बांधायलाही त्यांचा उपयोग होऊ शकतो. २०२० साली अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या प्लाझ्मातली तीन कडी एकत्र मोजली. कॅन्सर ओळखण्यात ती एएफपीपेक्षा सरस ठरली.

मग उद्याच चाचणी करून घ्यावी का? नाही. एक तर ती अजून डॉक्टरांच्या प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत नाही. दुसरे, हे रुग्ण मुख्यतः हिपॅटायटिस बीचे होते. आपल्या मंडळींत मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांचा मोठा वाटा आहे, तिथे हेच आकडे लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही.

तिसरे कारण समजायला काविळीची माळ आठवा. आपल्यापैकी अनेकांच्या गावी ती गळ्यात घालत. माळ लांबत जाई आणि तसतशी कावीळ उतरतेय असे मानत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यामागचे कारण दाखवत आले आहेत: ओल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. निरोग्याच्या गळ्यातही ती तेवढीच लांबते. जी खूण आजारी आणि निरोगी यांच्यात फरक करत नाही, ती खूणच नव्हे. नव्या चाचणीलाही आपण हाच प्रश्न विचारायला हवा, मग ती पाटावर बसून केलेली असो की चकचकीत प्रयोगशाळेत. २०१५ नंतर थेरानोसचे काय झाले ते आपण इथेच, बे एरियात पाहिले.

एक सोपे गणित करा. १०,००० लोकांत १० जणांना कॅन्सर आहे असे धरू. चाचणी त्यातले ९ पकडते आणि निरोग्यांपैकी फक्त १० टक्क्यांना चुकीचे "आहे" सांगते. म्हणजे ९ खरे आणि ९९९ खोटे इशारे! सगळ्यांची सरसकट तपासणी केली तर चांगली चाचणीही अशी भीती वाटत सुटते. जोखीम असलेल्यांपुरती वापरली तर तीच चाचणी उपयोगी ठरू शकते.

म्हणून आधी आपली जोखीम माहीत करून घ्या. हिपॅटायटिस बीची लस भारतात सार्वत्रिक लसीकरणात देशभर पोचली २०११ साली. म्हणजे इथे बसलेल्या बहुतेकांना ती जन्मतः मिळालेली नाही. हा विषाणू वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहतो. १९८२ च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून तो आपल्याला मिळाला आणि २००० च्या सुमारास कळला, असे अमिताभ बच्चन यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी याची रक्ततपासणी करावी, अशी सीडीसीची २०२३ पासून शिफारस आहे. विषाणू नसेल आणि प्रतिकारशक्तीही नसेल, तर लस घ्या. असेल, तर तो दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

आणखी एक. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तरी आपल्याकडे तो लपवला जातो, विशेषतः लग्न ठरवताना. ज्याला सांगायची भीती वाटते, तो तपासणीही टाळतो. नवी कडी बाजारात येतील तेव्हा येतील. ही भीती कमी करणे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो.