शाळेचें वर्ष किती दिवसांचें असावें?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहणें जितकें उचित, तितकेंच पुढील पिढीच्या हिताचा एखादा प्रश्न हातीं घेणेंही उचित होय. म्हणून आम्हीं आज शाळेच्या वर्षाच्या लांबीचा विषय निवडला आहे. वेळापत्रक, सुट्या आणि घंटा ह्यांपलीकडे त्यांत काय असणार, असें कोणासही वाटेल. परंतु मुलाच्या वाट्यास विद्येचे किती दिवस येतात, ह्यावर त्याच्या पुढील आयुष्याचें पुष्कळसें अवलंबून असतें.

आपल्या देशांत ह्या बाबतींत कायद्यानेंच किमान मर्यादा घालून दिली आहे. २००९ सालीं संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीस वर्षाला २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीस २२० दिवस व १००० तास अध्यापन झालें पाहिजे. म्हणजे कायदा तंतोतंत पाळला तरी लहान मूल वर्षांतील १६५ दिवस शाळेबाहेर असूं शकतें. हे दिवस सर्वांना सारखे जात नाहींत. ज्या घरीं पुस्तकें आहेत, वडील हिशेब घालतात आणि आई रात्रीं गोष्ट वाचून दाखविते, त्या घरीं सुटी हीही एक शाळाच होय. ज्या घरचे आईबाप पहांटे मजुरीस जातात आणि दिवेलागणीस परततात, तेथें मुलाची विद्या शाळेच्या दारापाशींच थांबते.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं कार्ल अलेक्झांडर व डोरिस एंटविसल ह्या विद्वानांनीं १९८२ सालीं पहिलींत आलेल्या सुमारें ७९० मुलांचा कित्येक वर्षें मागोवा घेतला. शाळा चालू असतां गरीब व सुखवस्तु मुलें जवळजवळ सारख्याच वेगानें पुढें जात. उन्हाळ्याच्या सुटींत मात्र सुखवस्तूंचीं मुलें चार पावलें पुढें सरकत आणि गरिबांचीं जागच्या जागीं राहत, असें त्यांस आढळलें. ह्या अंतराच्या मापाविषयीं पुढील कांहीं संशोधकांनीं शंका काढल्या आहेत. तथापि शाळा बंद झाली कीं कोणाचें नुकसान अधिक होतें, हें आपण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांचीं दारें लागलीं. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत उघडले नाहींत. ज्यांच्या घरीं दूरध्वनियंत्र होतें तीं मुलें कशीबशी शिकलीं. ज्यांच्या घरीं नव्हतें त्यांस अक्षरओळख पुन्हां करून घ्यावी लागली.

दोन देशांचा अनुभव येथें सांगण्यासारखा आहे. पश्चिम जर्मनींत शाळेचें वर्ष वसंतांत सुरू होई. तें शरदांत न्यावें म्हणून १९६६-६७ मध्यें बहुतेक प्रांतांनीं सुमारें दोन-तृतीयांश लांबीचीं दोन वर्षें लागोपाठ घेतलीं. पाठ्यक्रम मात्र बहुतांशीं तोच राहिला. परिणाम असा झाला कीं, एकाच वर्गांत पुन्हां बसणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि वरच्या शाळांत जाणारीं मुलें घटलीं. पुढें मोठेपणीं त्यांच्या कमाईस मात्र बाध आला नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. उलट इंडोनेशियानें जानेवारीस सुरू होणारें आपलें वर्ष जुलैवर नेण्यासाठीं १९७८ चें वर्ष जून १९७९ पर्यंत लांबविलें. तेथें नापास होणारे घटले आणि मुलांचें एकंदर शिक्षण वाढलें. मुलाच्या पाठीशीं दुसरा आधार असेल तर गेलेले दिवस भरून निघतात. आधार नसेल तर एकेक दिवस मोलाचा ठरतो, असा आम्ही ह्यावरून बोध घेतों.

शाळेच्या दिवसाबरोबर अन्नही येतें. नोव्हेंबर २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्राथमिक शाळांतील मुलांना वर्षांतून किमान २०० दिवस शिजविलेलें अन्न द्यावें असा आदेश दिला, आणि एप्रिल २००४ मध्यें दुष्काळी भागांत तें उन्हाळ्याच्या सुटींतही द्यावें असें फर्माविलें. सुटी लागली तरी भुकेला सुटी नसते, हें न्यायालयानें ओळखलें.

ह्यावर आक्षेप येतील, व ते पोकळ नाहींत. वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं मुलांस कोंडणें हा जुलूमच होय. विदर्भांतील शाळा उन्हामुळेंच उर्वरित महाराष्ट्राहून उशिरां उघडतात. आजोळीं जाणें, विहिरींत पोहणें, आंबे पाडणें हेंही बालपणाचें शिक्षण आहे. शिक्षकांवर तयारी धरून आठवड्यास ४५ तासांचा भार कायद्यानें आधींच आहे. म्हणून सरसकट सर्वांची सुटी हिरावून घ्या, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, प्रथम कायद्यानें दिलेले दिवस मुलांच्या पदरांत पुरे पडावेत. पावसानें बुडालेला किंवा समारंभांत गेलेला दिवस भरून काढावा. कलम २७ अन्वयें दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक ह्यांखेरीज शिक्षकास अशैक्षणिक कामास जुंपतां येत नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

आणि ज्यांचें वर्ष मुळांतच तोकडें, त्यांचें काय? दिवाळी सरली कीं आपल्या ह्या पालघर जिल्ह्यांतील कित्येक आदिवासी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मराठवाड्यांतील ऊसतोड मजुरांचेंही तेंच. त्यांच्या मुलांचीं नांवें गांवच्या हजेरीपटावर राहतात, आणि मुलें भट्टीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात. पटावर २०० दिवस, मुलाच्या वाट्यास शंभरही नाहींत!

ह्यावर उपाय ह्याच मातीनें दाखविलेला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस काम आरंभिलें, पुढें तें कोसबाडास नेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं शाळाच कुरणांत नेली; तीच कुरणशाळा. त्यानंतर वसई तालुक्यांतील विधायक संसद ह्या संस्थेनें वीटभट्टीवरील मुलांसाठीं भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोंपडी. दोहोंनीं मुलाकडे जाऊन त्याचें वर्ष लांब केलें.

महोत्सवाची आठवण म्हणून कमान उभारतां येते, दिव्यांची रोषणाई करतां येते. आमची विनंति ह्याहून स्वस्त आहे. येत्या मे महिन्यांत सभागृहाचें दार रोज सकाळीं दोन तास उघडें ठेवावें. पुस्तकें, हिशेबाचे खेळ, गाणीं आणि वाटीभर खिचडी असावी. परीक्षा नको, शुल्क नको. निवृत्त गुरुजींनीं व महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांनीं पाळीपाळीनें यावें. दिवाळीनंतर जवळच्या भट्टीवर किती मुलें आलीं आहेत, तें कोणी तरी जाऊन पाहावें, आणि त्यांस त्या हंगामापुरतें जवळच्या शाळेंत बसवून घेण्यास मुख्याध्यापकांस विनवावें. पुढील महोत्सवीं त्यांतील एखादें मूल ह्याच व्यासपीठावरून बोलावें, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतों.