पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायची तर

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायची असेल, तर साधारणपणे विज्ञान शाखेची पदवी लागते. रसायन, वनस्पती, प्राणी, भूशास्त्र असे विषय घेतलेल्यांना बहुतेक विद्यापीठांत अर्ज करता येतो. गुणांची अट आणि प्रवेशपरीक्षा जागोजागी वेगळी असते, म्हणून विद्यापीठाचं माहितीपत्रक आधी नीट वाचा.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एक वर्षाची वाटही मोकळी झाली आहे. परिसंस्था, प्रदूषण नियंत्रण, पर्यावरण कायदे, संख्याशास्त्र हे सगळं वर्गात शिकता येतं. पण या विषयाचा खरा कस नदीकाठी लागतो. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा, तर बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि रसायनं तिथंच, काठावर घालावी लागतात. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबलात तर आकडा बदललेला असतो! जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, मोजण्यासाठी आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. एवढा धीर हवाच.

शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. माझा आग्रह असा, की विषय आपल्याच गावचा घ्या : ओढा, कचरा डेपो, खारफुटी. पुढं प्राध्यापक व्हायचं असेल, तर यूजीसी नेट परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे.