जोन ऑफ आर्क आणि नेतृत्वाची कसोटी



नेतृत्व म्हटले की अधिकारपद, अनुभव आणि वय या तीन गोष्टी बहुधा डोळ्यांसमोर येतात. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेल्या जोन या शेतकरी कन्येजवळ यांपैकी एकही गोष्ट नव्हती. तिला लिहितावाचताही येत नव्हते. तरीसुद्धा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास तिने हताश सैन्याला धीर दिला आणि एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ती चितेवर गेली. तिच्या चरित्राभोवती श्रद्धेचे आणि दंतकथांचे दाट वलय आहे. ते बाजूस ठेवले तरी लोकांचे काम करणाऱ्याने मनन करावे असे त्यात पुष्कळ उरते.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्ध 1337 मध्ये सुरू झाले आणि 1453 मध्ये संपले. 1415 च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रान्सचा दारुण पराभव झाला. 1420 च्या त्र्वाच्या तहान्वये युवराज चार्ल्सचा गादीवरील हक्क नाकारण्यात आला. उत्तर फ्रान्स इंग्रज आणि त्यांचे मित्र बर्गंडीकर यांच्या ताब्यात गेला. ऑक्टोबर 1428 मध्ये लुआर नदीकाठच्या ऑर्लेआं शहराला वेढा पडला.

जोनचा जन्म 1412 च्या सुमारास डोमरेमी या सरहद्दीवरील खेड्यात झाला. तिचे वडील गावच्या कारभारातील एक जबाबदार गृहस्थ होते. लुटारू टोळ्यांपासून माणसांचे व गुराढोरांचे रक्षण व्हावे म्हणून गावकऱ्यांनी जवळची गढी खंडाने घेतली होती आणि त्या व्यवहारात तिच्या वडिलांचा पुढाकार होता. गावाचे संकट हे आपलेच संकट, हा संस्कार तिला घरातच मिळाला. पुढे तेराव्या वर्षी आपणास संतांचे आदेश ऐकू येतात अशी तिची दृढ श्रद्धा झाली.

पहिला धडा चिकाटीचा. 1428 मध्ये व्होकुलर येथील सरदाराने तिला परत पाठविले. 1429 च्या आरंभी ती पुन्हा गेली, पुन्हा नकार मिळाला, तरी ती तेथेच राहिली. गावच्या सामान्य लोकांनी तिच्यासाठी घोडा व पोशाख यांची व्यवस्था केली आणि अखेर सरदारानेही संमती दिली. लोकांचा विश्वास आधी, राजमान्यता नंतर, असा हा क्रम होता. राजानेही तिच्यावर आंधळा विश्वास टाकला नाही. प्वात्ये येथे धर्मपंडितांकडून तिची चौकशी करविली. तिने ती मान्य केली आणि त्या चौकशीतून ती उतरली.

दुसरा धडा आघाडीवर राहण्याचा. 29 एप्रिल 1429 रोजी ती ऑर्लेआंमध्ये दाखल झाली. तिने सैन्यातील शिवीगाळ व स्वैराचार यांना आळा घातला. तलवारीपेक्षा आपले निशाण आपणास कितीतरी अधिक प्रिय आहे, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. 7 मे रोजी मान व खांदा यांच्यामध्ये बाण लागूनही ती त्याच दिवशी रणात परतली. 8 मे रोजी वेढा उठला. या यशात द्युन्वा व इतर अनुभवी सेनानींचा मोठा वाटा होता. तिने त्यांना, आणि नगरवासीयांनाही, गमावलेला आत्मविश्वास मिळवून दिला.

तिसरा धडा निःस्वार्थतेचा. 17 जुलै 1429 रोजी रीम्स येथे चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जोन निशाण घेऊन तेथे उभी होती. तिच्या विनंतीवरून राजाने त्याच महिन्यात डोमरेमी आणि शेजारचे ग्रू या गावांना करमाफी दिली. ही सवलत फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकली.

मात्र यशाबरोबर अपयशही आले. सप्टेंबर 1429 मध्ये पॅरिसवरील हल्ला फसला. 23 मे 1430 रोजी कोंप्येन्य येथे माघार घेणाऱ्या सैन्याच्या पिछाडीस असताना ती बर्गंडीकरांच्या हाती सापडली. त्यांनी दहा हजार लिव्हर घेऊन तिला इंग्रजांच्या हवाली केले. ज्याला तिने मुकुट मिळवून दिला, त्या राजाने खंडणी भरून तिला सोडविले नाही. जो आपल्यासाठी झिजला त्याच्या पाठीशी संकटात उभे राहणे हे सत्तेचे पहिले कर्तव्य होय. चार्ल्स या कसोटीस उतरला नाही.

रूआं येथील धर्मन्यायालयात अनेक विद्वानांसमोर ती वकिलावाचून उभी राहिली. आपणावर ईश्वरी कृपा आहे काय, हा प्रश्न म्हणजे सापळाच होता. नसेल तर ती ईश्वराने द्यावी, असेल तर राखावी, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. 24 मे 1431 रोजी भयाने तिने माघारपत्रावर खूण केली, पण थोड्याच दिवसांत ते नाकारले. 30 मे रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. भय तिलाही वाटले होते. भयावर मात करून ती सत्याकडे परतली, यातच तिचे मोठेपण आहे.

येथे शासकीय सेवकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी एक बाब आहे. त्या खटल्याच्या लेखनिकाने, दबाव येऊनही नोंदीत फेरफार केला नाही, अशी साक्ष पुढे दिली. त्या कागदपत्रांच्या आणि शंभरांवर साक्षीदारांच्या आधारे 7 जुलै 1456 रोजी तो निकाल रद्द ठरला. दाद मागणारी तिची वृद्ध आई होती आणि डोमरेमीचे शेतकरीही साक्षीस उभे राहिले. 1920 मध्ये चर्चने जोनला संतपद बहाल केले.

तिचे अनुकरण मात्र विवेकानेच करावयास हवे. 1430 मध्ये तिच्या नावाने बोहेमियातील हुसपंथीयांना धमकीचे पत्र गेले होते. त्या काळची धार्मिक असहिष्णुता तिलाही चुकली नाही. घ्यावयाचे आहे ते तिचे धैर्य, तिची निर्लोभता आणि आपल्या गावाची जाण.

शिक्षकाने वर्गातील अबोल मुलीकडे, पंचायत सदस्याने सभेत मागे बसलेल्या स्त्रीकडे आणि अधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा दारी येणाऱ्या अर्जदाराकडे या दृष्टीने पाहावे. नेतृत्व कोणत्या घरातून उभे राहील हे आधी सांगता येत नाही. ते उभे राहील तेव्हा त्याला परत न पाठविणे, आणि संकटात एकटे न सोडणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.