आकाश कोणाचे, जमीन कोणाची?

(धानोरा, जि. नंदुरबार येथे तरुण कार्यकर्ते व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



मला आज दिलेला विषय वरवर पाहता एकेका तरुणाच्या खाजगी निवडीचा आहे. आपल्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हवाई दलात लढाऊ वैमानिक व्हावेसे वाटते. चळवळीतील वडीलधारी मंडळी त्याला विचारतात, ''तू आकाशात गेलास, तर इथल्या जमिनीवर काम कोणी करायचे?'' प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो, परंतु त्यात दटावणीही असते, आणि मुलगा मान खाली घालतो. ज्या चळवळीने या भागातील माणसाला मान वर करायला शिकवले, तिच्याच प्रश्नाने मान खाली जात असेल, तर तो प्रश्न तपासून घेणे आपले कर्तव्य आहे.

वडीलधाऱ्यांची चिंता खोटी नाही, हे मी प्रथमच सांगतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, भरली. येथे शंभरांतील जवळजवळ सत्तर माणसे आदिवासी आहेत. नर्मदाकाठच्या पाड्यांवर आजही आरोग्यसेवा पोचवायची तर होडी लागते. २०२० च्या साथीत चिमलखेडीची एक अंगणवाडीताई रोज स्वतः होडी वल्हवीत पलीकडच्या पाड्यांतील गरोदर स्त्रियांपर्यंत आणि तान्ह्या बाळांपर्यंत जात होती, हे देशभरच्या वृत्तपत्रांनी छापले. अशा जिल्ह्यात शिकलेले प्रत्येक मूल मोलाचे आहे. ते बाहेर गेले की गावाला हानी पोचते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु हा त्याग आपण कोणाकडे मागतो आहोत? त्याग त्यालाच करता येतो, ज्याच्या हातात सोडण्यासारखे काही असते. कुमार शिराळकर मुंबईच्या आयआयटीत शिकलेले अभियंते. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी शहादे-तळोदे भागात गहाण पडलेल्या जमिनींसाठी आणि सालदारांच्या मजुरीसाठी झगडत होते. त्या काळात शिराळकर येथे आले आणि २०२२ साली मृत्यू येईपर्यंत या माणसांचेच राहिले. त्यांचा पक्ष वेगळा होता, आपले मतभेद होते, तरी त्यांच्या त्यागापुढे आपण नमतो. मात्र हातात आलेली पदवी आणि नोकरी त्यांनी बाजूला ठेवली होती. सालदाराच्या नातवाला, ज्याने अजून विमानतळसुद्धा पाहिलेला नाही, आपण 'आकाश सोड' म्हणतो, तेव्हा त्याला जे मिळालेलेच नाही ते सोडायला सांगत असतो. शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सेवेचा भार गरिबाच्या मुलावर आणि स्वप्नाचा अधिकार श्रीमंताच्या मुलाला, अशी वाटणी समाजवाद्यांनी तरी करू नये.

आता या स्वप्नाची वाट कशी आहे ते पाहू. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा, मग मुलाखत मंडळ, आणि वैमानिकासाठी एक वेगळी योग्यता चाचणी. तीत एकदा नापास झालेल्याला पुन्हा बसता येत नाही. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. दृष्टी तपासतात, पायांची लांबी मोजतात, बसलेल्या अवस्थेतील उंची मोजतात; उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते.

साथींनो, येथे क्षणभर थांबा. ही उंची सतराव्या वर्षी मोजली जात असली, तरी ती ठरते आईच्या पोटात आणि अंगणवाडीत. केंद्र सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली आहेत. म्हणजे आपल्या मुलांपैकी कित्येकांना प्रबोधिनीचे दार तिसऱ्या वर्षीच बंद होते आणि त्यांना ते सतराव्या वर्षी कळते! ज्या आश्रमशाळेत गणिताचा शिक्षक नाही, तेथे ते आणखी एकदा बंद होते. मग गरिबाच्या मुलाच्या वाट्याला काय उरते? २०२२ साली सुरू झालेली अग्निपथ योजना: चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर फार तर चौघांतील एकाला कायम जागा.

हे दार बंद ठेवण्यासाठी कधी कधी शास्त्राचेही नाव घेतले जाते. सिकलसेल हा रक्ताचा विकार सातपुड्यातील आदिवासींना ठाऊक आहे. अमेरिकेच्या हवाई दल प्रबोधिनीने या विकाराचे केवळ वाहक असलेल्या, स्वतः निरोगी असलेल्या काळ्या तरुणांना १९८१ पर्यंत प्रवेश नाकारला होता. न्यायालयात दाद मागितल्यावर ते धोरण सोडावे लागले. त्याआधी काळा माणूस विमान चालवू शकतो, एवढे सिद्ध करण्यासाठीच १९४१ पासून टस्कीगीच्या वैमानिकांना झगडावे लागले होते. तेव्हा, वंचिताच्या मुलाने विमान चालवण्याची इच्छा धरणे म्हणजे स्वार्थ, असे सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळदा तो समतेचा दावा असतो.

८ एप्रिल २०२३ रोजी संथाळ समाजातून आलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तेजपूरहून सुखोई विमानातून उड्डाण केले. आपल्या सर्वांना त्याचा आनंद झाला. परंतु सर्वोच्च पदावरील व्यक्ती पाहुणी म्हणून विमानात बसणे वेगळे, आणि पाड्यावरची मुलगी त्या विमानाची चालक होणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशामुळे प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले आणि २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. सातपुड्यातल्या मुली त्या दारापर्यंत कशा पोचतील, हा प्रश्न आता आपल्यासमोर आहे.

आकाशाविषयी एवढे बोललो, याचा अर्थ जमिनीची सेवा मी हलकी मानतो असा कोणी घेऊ नये. उलट, जमिनीशिवाय आकाश नाही, हे मला एका युद्धाच्याच उदाहरणाने सांगायचे आहे. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानी विमानांनी कच्छमधील भूजची धावपट्टी उद्ध्वस्त केली. विमानतळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, एक मराठी अधिकारी. धावपट्टीच नाही म्हटल्यावर विमानाचा आणि वैमानिकाच्या शौर्याचा उपयोग काय? तेव्हा जवळच्या माधापर गावातील सुमारे तीनशे स्त्रिया पुढे आल्या. भोंगा वाजला की झुडपांत लपायचे, तो थांबला की पुन्हा कामाला लागायचे. धावपट्टी शत्रूला दिसू नये म्हणून ती शेणाने सारवायची. असे ७२ तास राबून त्यांनी धावपट्टी उभी केली आणि विमाने पुन्हा उडाली. शासनाने पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले, ते या स्त्रियांनी गावाच्या कामाला दिले. त्यांना पदके मिळाली नाहीत, आणि त्यांची आठवण देशाला पुष्कळ उशिरा झाली. आपण ज्याला जमिनीवरची सेवा म्हणतो, तिचे स्वरूप हे असे आहे. उडणाऱ्याचे ऋण या राबणाऱ्या हातांकडे आहे, हे त्याने कधी विसरू नये.

जमिनीवरची आणखी एक सेवा आहे, आणि ती पक्षाच्या कार्यकर्त्यांना अधिक जवळची वाटावी. ती म्हणजे जाब विचारण्याची. १७ सप्टेंबर २००१ रोजी पुण्याचे तरुण वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ राजस्थानात सुरतगढ येथे मिग-२१ च्या अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांच्या मातापित्यांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, केवळ शोक केला नाही. अपघाताचा दोष वैमानिकाच्या माथी मारून विमानाचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न झाकला जाऊ नये, म्हणून वर्षानुवर्षे व्यवस्थेशी झुंज दिली. आणि विशेष हे, की मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात नव्या वैमानिकांना तयार करणारी संस्था काढली. मुलाचे स्वप्न त्यांनी दोषी मानले नाही, निष्काळजीपणाला दोषी मानले.

या प्रकरणात आपल्याला एक अवघड गोष्टही बोलावी लागेल. पुढच्या काळात संरक्षणमंत्रिपदावर साथी जॉर्ज फर्नांडिस होते. त्यांच्या शेवटच्या राजकारणाविषयी आपल्यात तीव्र मतभेद आहेत. सियाचेनच्या जवानांची हलाखी त्यांनी वारंवार तेथे जाऊन पाहिली आणि फायली अडवणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तेथे पाठवले, हा त्यांच्यातील कामगारनेत्याचा विजय होता. २००३ च्या जूनमध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते पुण्याच्या लोहगावहून सुखोईत बसले. त्याच ऑगस्टमध्ये अंबाल्याला मिग-२१ मध्ये बसले. मिगविषयीची भीती घालवावी, हा हेतू होता. धाडस खरे, परंतु मंत्र्याचे एक उड्डाण हे एका आईच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. मिग-२१ विमानांचे उत्पादन ज्या नाशिकजवळच्या ओझरला झाले, ते आपल्यापासून फार दूर नाही. सहा दशकांत अशी शेकडो विमाने कोसळली. शेवटची तुकडी २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली. गरिबाचे मूल वैमानिक झाले की आपले काम संपले, असे म्हणून चालणार नाही. त्याला कोणत्या विमानात बसवता आणि कोणत्या युद्धात पाठवता, हे विचारण्याचे काम तेथून सुरू होते. आपण युद्धखोरीचे विरोधक आहोत आणि राहू. ज्यांची मुले लढणार, त्यांनाच शांततेविषयी बोलण्याचा पहिला अधिकार आहे.

आता विद्यार्थ्यांना दोन शब्द. ज्याला वैमानिक व्हायचे आहे, त्याने निर्धाराने तयारी करावी. अपराधी वाटून घेऊ नये. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. मुलींसाठी आता नाशिकला आहे. परंतु शंभरांतील बहुतेकांची निवड होणार नाही, हेही मनाशी धरून चला. अब्दुल कलाम यांना हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. जागा आठ होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. वैमानिक न होता त्यांनी जमिनीवर राहून काम केले आणि त्यांच्या हातून अग्निबाण उडाले. हवाई दलाच्याही अनेक शाखा जमिनीवर काम करतात. त्यांच्याविना एक विमान हलत नाही. तेव्हा जमीन ही हरलेल्यांची जागा नव्हे.

आणि जो जाईल, त्याने परतीची वाट बुजवू नये. शेजारच्या साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबात वाढलेले डॉ. राजेंद्र भारूड डॉक्टर झाले, सनदी सेवेत गेले आणि याच जिल्ह्याचे जिल्हाधिकारी म्हणून आले. २०२१ च्या लाटेत मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना नंदुरबारला प्राणवायूचे प्रकल्प आधीच उभे होते. या मुलाला कोणी लहानपणी 'गाव सोडू नकोस' म्हणून थांबवले असते, तर नुकसान गावाचेच झाले असते. परत येण्याची एकच तऱ्हा नसते. अर्थात सगळेच परत येत नाहीत. म्हणून एकेकाच्या सद्बुद्धीवर विसंबून जिल्हा उभा राहणार नाही, संघटनेवरच उभा राहील.

म्हणून शेवटचे सांगणे कार्यकर्त्यांना आहे. मुलांना 'जमिनीवर काम कोण करणार' असे विचारण्याआधी आपण ते करू. आपल्या गावच्या अंगणवाडीत आहार रोज येतो का, बालकांची वजने खरी लिहिली जातात का, हे पाहू. आश्रमशाळेत गणित आणि विज्ञानाचे शिक्षक नेमले जावेत म्हणून प्रकल्प कार्यालयावर मोर्चा नेऊ. आठवीच्या मुलामुलींचे डोळे तपासून घेऊ, आणि भरतीची माहिती गावातल्या प्रत्येक घरी पोचवू. हे काम झाले, तर धानोऱ्याच्या मुलामुलींपैकी कोणी उडेल, कोणी येथे राहील. परंतु जो तो आपल्या निवडीने. आज येथे राहणाऱ्यांपैकी कितीजण निवडीने राहिले आहेत, हे आपण प्रामाणिकपणे पाहू, आणि उद्या सकाळी अंगणवाडीच्या दारात भेटू.