शाळामास्तरांचे छंद

शाळेची शेवटची घंटा झाली, मुलें दप्तरें सांवरीत दाराबाहेर पडलीं, आणि मास्तरांनीं हातावरची खडूची भुकटी झटकली, कीं विद्यार्थ्याच्या लेखीं मास्तर संपतात. दुसऱ्या दिवशीं अकरा वाजतां ते पुन्हां वर्गांत प्रकट होतील, एवढेंच त्याला ठाऊक असतें. मधल्या अठरा तासांत ह्या गृहस्थाचें काय चालतें, तो कशांत रमतो, कोणत्या परिस्थितींतून वर येऊन तो ह्या खुर्चीपर्यंत पोंचला, हा विचार विद्यार्थ्याच्या मनाला शिवत नाहीं. आणि नवल हें, कीं पालकांच्या मनालाहि तो क्वचितच शिवतो. पालक मास्तरांची पदवी विचारतात, शाळेचा निकाल विचारतात, शिकवणीची फी विचारतात. छंद मात्र कोणी विचारीत नाहीं.

उलट, एखाद्या शिक्षकाला कांहीं छंद आहे असें कळलें, तर कित्येकांच्या मनांत शंकेची पाल चुकचुकते. जो मनुष्य रात्रीं कोश रचतो किंवा ताऱ्यांचें गणित मांडतो, त्याचें लक्ष सकाळीं मुलांच्या वह्यांत कितपत असणार? ही शंका अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच तिचा विचार नीट व्हावयास हवा. शिक्षकाचा छंद ही विद्यार्थ्याच्या वेळेंतून केलेली चोरी आहे, कीं त्याच्या शिकवण्याला जीवनरस पुरविणारें तें मूळ आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर तर्कानें शोधण्यापेक्षां कांहीं माध्यमिक शिक्षकांच्या चरित्रांतून शोधणें अधिक बरें.

प्रथम पुण्याकडे पाहावें. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते. नोकरी चालू असतांनाच त्यांनीं १८७४ मध्यें ‘निबंधमाला’ हें मासिक सुरू केलें. इकडे वर्ग आणि तिकडे निबंध अशी त्यांची दुहेरी तपश्चर्या पांच वर्षें चालली. अखेर १८७९ मध्यें त्यांनीं सरकारी नोकरी सोडली, आणि जानेवारी १८८० मध्यें टिळकांसारख्या तरुण सहकाऱ्यांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. त्याच वर्षीं वामन शिवराम आपटे हेहि तेथें शिक्षक म्हणून आले. आपट्यांचा जन्म १८५८ मधला, सावंतवाडी संस्थानांतला. लहानपणींच आईबापांचें छत्र हरपलें. दारिद्र्याशीं झगडत, बुद्धीच्या आणि शिष्यवृत्तीच्या बळावर हा मुलगा एम. ए. पर्यंत पोंचला. सरकारी नोकरीची वाट मोकळी असतां त्यानें खाजगी शाळेंतील अल्प वेतन पत्करलें.

आपटे शाळेचे मुख्याध्यापक झाले, पुढें १८८५ मध्यें निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. कामाचा बोजा केवढा असेल, त्याची कल्पना करावी. तरीहि १८८४ मध्यें त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश आणि १८९० मध्यें संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. १८९२ मध्यें, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते वारले. हे कोश, आणि संस्कृत वाक्यरचना शिकणाऱ्यांसाठीं त्यांनीं लिहिलेलें मार्गदर्शक पुस्तक, आजहि विद्यार्थ्यांच्या हातीं आहेत. येथें एक गोष्ट ध्यानांत येते. आपट्यांनीं आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशाला व्यवहारोपयोगी असें विशेषण दिलें आहे. पंडितांच्या कपाटाची शोभा वाढावी म्हणून नव्हे, तर काव्य वाचतांना एखाद्या शब्दापाशीं अडलेल्या मुलाला वाट सांपडावी म्हणून तो रचलेला आहे. वर्गांत जी अडचण दिसते, तीच घरीं बसून केलेल्या कामाचा विषय होते. अशा ठिकाणीं छंद आणि कर्तव्य यांमधली भिंत कोठें आहे, हें दाखवितां येणार नाहीं.

दुसरे उदाहरण व्यंकटेश बापूजी केतकर यांचें. १८५४ मध्यें नरगुंद येथें जन्मलेल्या केतकरांचें आयुष्य मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत गेलें. बागलकोटसारख्या, विद्यापीठापासून दूर असलेल्या गांवीं त्यांनीं अध्यापन केलें. वेधशाळा जवळ नाहीं, विद्वानांचा सहवास नाहीं, अशा स्थितींत ह्या मास्तरांनीं संस्कृतांत ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ रचला. पंचांगांत छापलेली ग्रहस्थिति आकाशांत प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशीं जुळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्यें फ्रेंच ज्योतिर्विदांच्या सभेच्या पत्रिकेंत त्यांनीं नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असें गणितानें मांडलें. फेब्रुवारी १९३० मध्यें अमेरिकेंत प्लूटो सांपडला. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत केतकर निवर्तले. प्लूटोचा शोध केतकरांच्या गणितावरून लागला नाहीं, आणि २००६ पासून प्लूटो ग्रहांच्या पंक्तींतूनहि उठला, हें सांगणें प्रामाणिकपणाचें आहे. पण त्यामुळें केतकरांचें महत्त्व कमी होत नाहीं. ‘ग्रंथांत लिहिलें आहे’ एवढ्यावर न थांबतां ‘आकाशांत तसें दिसतें काय’ असें विचारणें, हीच शिक्षणाची पहिली पायरी आहे. ज्या शिक्षकानें ही संवय स्वतःला लाविली, त्याच्या हाताखालीं मुलें निदान पोपट तरी होणार नाहींत.

तिसऱ्या शिक्षकाकडे जातांना श्रोत्यांनीं हवी तर हातांत पेन्सिल घ्यावी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्यें डहाणूस झाला. वडील कारकून, त्यांना फलज्योतिषाचा नाद, आणि त्या नादामुळें घरांत आंकडेमोडीचें वातावरण. आई मुलाच्या आठव्या वर्षींच गेली. ठाण्याची शाळा, पुढें फर्ग्युसन कॉलेज, तेथें असतांना १९२७ मध्यें रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक, १९२९ मध्यें बी. एस्‌सी. आणि मग नाशिकजवळ देवळाली येथील शाळेंत मास्तरकी. ती १९६२ पर्यंत. बाह्यतः पाहिलें तर चरित्र येथेंच संपलें. पदवीच्या पुढें गणिताचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालें नव्हतें.

आतां पेन्सिलीचें काम. चार अंकी कोणतीहि संख्या घ्यावी. चारहि अंक सारखे मात्र नसावेत. समजा, १, २, ३, ४ हे अंक घेतले. त्यांची मोठ्यांत मोठी संख्या ४३२१, लहानांत लहान १२३४. वजाबाकी केली कीं ३०८७ उरतात. ह्याच अंकांची पुन्हां तशीच मांडणी करावी : ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुन्हां एकदां : ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आतां ६१७४ वर तीच क्रिया केली, तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हां ६१७४. कोणत्याहि संख्येपासून निघालें, तरी फार तर सात पायऱ्यांत हेंच ठिकाण येतें आणि तेथून पुढें हलतां येत नाहीं. १९४९ मध्यें देवळालीच्या मास्तरांना हें गमक सांपडलें, आणि आज जगभर ही संख्या कापरेकरांच्या नांवानें ओळखली जाते.

त्यांच्या छंदाची गोडी त्यांनीं दिलेल्या नांवांतूनहि कळते. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते तिला त्यांनीं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असें नांव दिलें. एखाद्या संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली कीं नवी संख्या निपजते. १५ मध्यें १ आणि ५ मिळविले कीं २१ होतात. परंतु २० ही संख्या अशी कोणापासूनच निपजत नाहीं. अशा संख्यांना त्यांनीं ‘स्वयंभू’ म्हटलें, आणि देवळालीचेंहि नांव दिलें. जगाच्या गणितशास्त्रांत एका छावणीच्या गांवाचें नांव गेलें, तें ह्या शाळामास्तराच्या कृतज्ञतेमुळें.

असें असूनहि त्यांच्या वाट्याला मान सहज आला नाहीं. हें खरें गणित नव्हे, हा आंकड्यांचा पोरखेळ आहे, असें म्हणून अनेक विद्वानांनीं त्यांची उपेक्षा केली. त्यांनीं आपलीं टिपणें पुष्कळदां लहान पुस्तिकांच्या रूपानें स्वतःच छापविलीं. मार्टिन गार्डनर यांनीं मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्यें त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे वळलें. निवृत्तीला तोंपर्यंत तेरा वर्षें लोटलीं होतीं. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर भागत नसल्यामुळें उतारवयांत ते शिकवण्या करीत होते. १९८६ मध्यें ते वारले. विद्वानांचा आक्षेप कांहीं अंशीं बरोबर असेलहि. ह्या शोधांनीं गणिताचा पाया बदलला नाहीं. परंतु शाळेच्या दृष्टीनें त्यांचें मोल निराळें आहे. ज्याला केवळ वजाबाकी येते अशा दहा वर्षांच्या मुलालाहि हातीं घेतां येईल आणि तरीहि ज्याचें कारण शोधतांना प्रौढानें विचारांत पडावें, असा प्रश्न मुलांपुढें ठेवणें ही शिक्षणांतील दुर्मिळ सिद्धि आहे.

ह्या तिघांचा छंद ग्रंथांशीं व आंकड्यांशीं निगडित होता. पांडुरंग सदाशिव साने यांचा छंद विद्यार्थी हाच होता. पालगडच्या गरीब घरांत १८९९ मध्यें जन्मलेले साने १९२४ मध्यें अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले आणि छात्रालयाचें कामहि त्यांच्याकडे आलें. मुलांच्या खोल्या झाडणें, त्यांचे कपडे नीट ठेवणें, हीं कामें ते स्वतः करीत. छात्रालयांतील मुलांसाठीं ते हातानें दैनिक लिहून काढीत. ‘विद्यार्थी’ नांवाचें मासिकहि त्यांनीं चालविलें. शिस्तीची भाषा न बोलतां ज्यानें मुलांना शिस्त लाविली, त्याचें अध्यापनाचें तत्त्वज्ञान एका शब्दांत सांगावयाचें तर तो शब्द ममता हाच होय. आणि शिरोड्याला १९२० मध्यें गेलेले विष्णु सखाराम खांडेकर? समुद्रकांठच्या त्या लहान गांवांत अठरा वर्षें त्यांनीं शाळा सांभाळली, आणि त्याच काळांत कथा, लघुनिबंध व कादंबऱ्या लिहून ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचले.

येथें मात्र आरंभींची शंका पुन्हां डोकें वर काढते. साने गुरुजींनीं १९३० मध्यें सत्याग्रहासाठीं शाळा सोडली. खांडेकरहि १९३८ मध्यें शिरोडें सोडून कोल्हापुरास गेले. म्हणजे मनाची ओढ शिक्षकाला वर्गाबाहेर घेऊन जाते, हें खरेंच नाहीं काय? खरें आहे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. एक उत्तम शिक्षक गमावणें ही शाळेची हानि आहे, मग तो कितीहि थोर कार्यासाठीं गेलेला असो. परंतु गणित पुरें मांडावयाचें तर दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. साने गुरुजींचीं सहा वर्षें आणि खांडेकरांचीं अठरा वर्षें त्या मुलांना मिळालीं, तीं ह्याच मनाचीं होतीं. ज्याला कसलीच ओढ नाहीं, असा शिक्षक तीस वर्षें एकाच खुर्चीवर बसेल. पण मुलांना त्याच्यापासून हजेरीपटावरच्या खुणेपलीकडे काय मिळेल?

सर्वच छंद सारखे नव्हेत, हेंहि मान्य केलें पाहिजे. जो छंद वह्या तपासण्याचा कंटाळा आणतो, जो वर्गांत केवळ स्वतःच्या बढाईचें निमित्त होतो, तो विद्यार्थ्याच्या वेळेचा अपहारच होय. पारख करण्याची रीत सोपी आहे. छंदामुळें शिक्षक स्वतः विद्यार्थी राहतो काय? अडखळणें, चुकणें, पुन्हां आरंभ करणें, ह्यांचा अनुभव त्याला रोज येतो काय? येत असेल, तर वर्गांत अडखळणाऱ्या मुलावर तो सहसा संतापणार नाहीं. रात्रीं स्वतःचें गणित चार वेळां चुकलेला मनुष्य सकाळीं दुसऱ्याच्या चुकीकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. छंदाचा शाळेला होणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. कोश आणि शोध हे त्यानंतरचे.

असा छंद जगण्यास थोडी फुरसत आणि थोडा आदर लागतो. ह्या दोन्ही गोष्टी आज शिक्षकाला कितपत मिळतात? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शिक्षकांना शिक्षणेतर कामांस जुंपूं नये असें सांगितलें खरें, परंतु जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका हीं कामें अपवाद म्हणून ठेविलीं. त्यांशिवाय तक्ते आहेत, अहवाल आहेत, आणि गुणांच्या टक्केवारीवर डोळा ठेवून बसलेले पालक आहेत. सरकारानें काय करावें हा स्वतंत्र विषय आहे. पण टक्केवारीचा धाक घराघरांतूनच शाळेंत जातो, आणि तो कमी करणें घराच्याच हातीं आहे.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांनीं एक साधी गोष्ट करून पाहावी. पालकसभेंत मुलाच्या शिक्षकांची गांठ पडेल, तेव्हां गुणांची चौकशी झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘गुरुजी, शाळा सुटल्यावर आपण कशांत रमतां?’ उत्तर देतांना त्यांचा चेहरा उजळला, तर मूल योग्य हातीं आहे असें खुशाल समजावें. सांगण्याजोगें कांहींच त्यांच्यापाशीं उरलें नसेल, तर तें कशानें हिरावून नेलें, आणि त्यांत आपला वांटा किती, ह्याचा विचार घरीं परततांना पालकांनींच करावयाचा आहे.